पाठीवर चढणारं पिल्लू

(आखाडा बाळापूर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



आजच्या विषयाबद्दल घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. पाच महिन्यांचं पिल्लू पाहुण्याच्या पायाला मिठी मारतं, खेळणाऱ्या पोराच्या पाठीवर चढतं, गादीला धरून कंबर हलवतं. मग घरातली सून आत निघून जाते, पोरं हसतात आणि म्हातारा काठी शोधतो. मला त्या काठीबद्दल बोलायचं आहे.

हे बोलायला उन्हाळा मुद्दाम निवडला. आपल्याकडच्या गावठी कुत्र्यांचा हंगाम पावसाळ्याच्या शेवटी, भाद्रपदाच्या आसपास येतो. कुत्री साधारण 63 दिवसांत विते. म्हणजे पिल्लं थंडीत जन्मतात आणि चैत्र-वैशाखात चार-पाच महिन्यांची होतात. गल्लीतून उचलून आणलेलं पिल्लू नेमकं आत्ता, या दिवसांत, चढायला लागतं.

तुम्ही जनावरं सांभाळणारी माणसं आहात. गोठ्यात एक गाय दुसरीवर चढली तर तुम्ही काठी घेऊन धावत नाही. जी खाली शांत उभी राहिली ती माजावर आहे, हे तुम्ही ओळखता आणि रेतनासाठी डॉक्टरला फोन लावता. लाल कंधारीचे गोऱ्हे एकमेकांवर उड्या घेतात तेव्हा कुणाच्या घराण्याची अब्रू जात नाही. जनावर काहीतरी सांगतंय आणि आपण ते वाचायचं, ही समज या मुलखात पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. कुत्रा मात्र उंबऱ्याच्या आत येतो, पाहुण्यांसमोर येतो. तिथं आपल्याला लाज वाटते आणि आपली लाज पिल्लाच्या पाठीवर उतरते.

पिल्लू सांगतं तरी काय? बहुतेक वेळा एवढंच, की त्याच्या अंगात उत्साह मावेनासा झालाय. भावंडांत लोळणारी तीन-चार आठवड्यांची पिल्लंसुद्धा एकमेकांवर चढतात. तेव्हा वयात यायला त्यांना कित्येक महिने असतात. माद्याही चढतात. फ्रँक बीच या अमेरिकन शास्त्रज्ञानं बीगल जातीच्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम केलं, त्यात माद्यांचं हे चढणं नीट नोंदलेलं आहे. पुढे सहा महिन्यांपासून वर्षाच्या आत नर वयात येतो, तेव्हा माजाचा वास लागून चढणं वेगळं. पण पाहुणे आले, पोरांनी आरडाओरडा केला, दिवसभर बांधलेली साखळी संध्याकाळी सुटली, की जे होतं त्यात वासना शोधू नका. घाबरलेलं, गोंधळलेलं पिल्लूसुद्धा असंच करतं.

काही जण सांगतात, कुत्रा मालक व्हायला बघतोय, त्याला जागा दाखवा. ही समजूत 1947 साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांच्या वर्चस्वाच्या चढाओढीवर लिहिलेल्या अभ्यासातून पसरली. ते कोंडलेले लांडगे होते. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी 1999 मध्ये मांडलं. त्यांच्याच आधीच्या पुस्तकानं जुनी कल्पना घरोघर पोचवली होती, म्हणून त्यांनी ती मोडणं मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडची एक चूक मात्र खरोखर नडते. डोळे उघडले की पिल्लू उचलायचं. पिल्लू भावंडाच्या अंगावर फार चढलं की भावंड गुरगुरतं, निघून जातं, खेळ थांबतो. कुठं थांबायचं हे पिल्लू तिथं शिकतं. आई आणि भावंडं यांच्यात त्याला निदान आठ आठवडे राहू द्या. पिल्लांच्या विक्रीसाठी केंद्र सरकारचे 2017 चे नियम आहेत, त्यांतही आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे.

आता वळण लावण्याचं. सगळं काम चढण्याच्या आधीच्या मिनिटात असतं. ते मिनिट बघायला शिका. पिल्लू धापा टाकायला लागतं, भोवती घिरट्या घालतं, पंजा टाकतं, हुंगत राहतं. त्याच वेळी त्याला नावानं हाक मारा, 'बस' म्हणा, आणि बसलं की भाकरीचा तुकडा द्या. हे 'बस' आधी शांत वेळी, रिकाम्या अंगणात पक्कं करून घ्यावं लागतं. पाहुणे दारात असताना पहिला धडा देता येत नाही. ज्यांच्याकडे येणं-जाणं फार, त्यांनी पिल्लाच्या पट्ट्याला हलकं दावं लावून ठेवावं, म्हणजे झटापट न करता बाजूला घेता येतं.

पायाला धरलंच तर ओरडू नका, हसू नका, पाय झटकू नका. तुम्ही पाय झटकता आणि पिल्लाला वाटतं, खेळ रंगला. शांतपणे सोडवा, मुकाट्यानं दाराआड जा किंवा त्याला बाजूला न्या. अर्धं मिनिट पुरे. मग परत या आणि दुसरं काम द्या, चघळायला काहीतरी द्या. घरातल्या सगळ्यांनी हेच केलं पाहिजे. एकानं टाळ्या पिटायच्या आणि दुसऱ्यानं पायताण फेकायचं, असं चाललं तर पिल्लू काहीच शिकत नाही. त्याला हिंडवायलाही हवं, पण आपल्या उन्हात ते पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. आणि झोपू द्या. पोरांनी दिवसभर उचलून फिरवलेलं पिल्लू संध्याकाळी सैरभैर होतं.

दुसऱ्या कुत्र्याच्या पाठीवर चढलं आणि तो कुत्रा नुसता वळून खेळायला लागला, तर मध्ये पडू नका. तो ताठरला, दात दाखवू लागला, तर लगेच वेगळं करा. लहान लेकराच्या बाबतीत मात्र वाटच बघायची नाही. नख किंवा दात लागून कातडी फाटली तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा. हळद भरून बसू नका.

काठीनं चढणं थांबतं का? तुमच्यासमोर थांबतं. पण पिल्लू माणसाच्या उचललेल्या हाताला भ्यायला शिकतं, आणि भ्यालेला कुत्रा चावतो. संत नामदेवांचं नर्सी आपल्याच जिल्ह्यात आहे. पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण लेकरांना सांगतो. ती गोष्ट ऐकणाऱ्या लेकरानं दुसऱ्या दिवशी बापाला पिल्लू झोडपताना बघू नये, असं मला मनापासून वाटतं.

कधी कधी पिल्लू दुखणं सांगत असतं. सारखं लिंग चाटणं, थेंब थेंब लघवी, पू, अंगाची खाज, यांनीही चढणं वाढतं. तिथं वळण लावून काय होणार? औषध हवं. आणखी एक आजार गावोगाव दिसतो. जननेंद्रियावर फुलकोबीसारखी लालसर गाठ आणि ठिबकणारं रक्त. लोक समजतात माज आहे. तो संसर्गजन्य कर्करोग आहे. समागमातून, चाटण्या-हुंगण्यातून त्या गाठीच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात. कुत्र्यांच्या जातीत तो हजारो वर्षं असाच फिरतो आहे. तरी व्हिन्क्रिस्टिनच्या आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी बहुतेक कुत्री बरी होतात. परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला दूर नाही. अशा कुत्र्याला गावाबाहेर सोडून येऊ नका. तो आजार तुम्ही फक्त पुढच्या गावाला देता.

खच्चीकरणाचं नेहमी विचारतात. गोऱ्हा बडवला की तो निवळतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. कुत्र्याचं थोडं वेगळं आहे. 1976 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मोठ्या नरांची शस्त्रक्रिया केल्यावर साधारण तीनपैकी दोघांचं चढणं कमी झालं. भटकणं तर दहापैकी नऊ जणांचं घटलं. म्हणजे उपयोग आहे. पण उत्साहातून किंवा भीतीतून आलेली सवय त्यानं जाईलच असं नाही. शस्त्रक्रिया पशुवैद्यकाकडून भूल देऊनच करायची. गावठी उपाय अजिबात नकोत. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही 2023 च्या केंद्रीय नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे. ती ठामपणे मागा. आणि घरच्या कुत्रीची नसबंदी करून घ्या, म्हणजे येत्या भाद्रपदात दारापुढची झुंड कमी होईल.

ज्यांच्या घरी पिल्लू आहे त्यांनी आता विचारावं. फक्त आधी एवढं सांगा: त्याचं वय काय, आईपासून कधी तोडलं, आणि ते चढतं त्याच्या आधीच्या मिनिटाला घरात काय चाललेलं असतं.