गल्ल्यातला पैसा कोणाचा?



आज आपण थोडे पैशाविषयी बोलणार आहोत. मोठ्या कारखानदारांच्या पैशाविषयी नव्हे. गावातले किराणा दुकान, पिठाची गिरणी, शिवणकाम, चहाची टपरी, घरी पापड-लोणची करून विकणे, असल्या धंद्यांतल्या पैशाविषयी. दिसायला हे धंदे लहान. पण एकेका धंद्यावर घरातली चार-पाच माणसे जेवतात, आणि असा धंदा बसला म्हणजे घरचे शेत किंवा मुलीचे शिक्षण, दोहोंपैकी एकाला हात लागतो. तेव्हा हा विषय लहान नाही.

दुकान बंद पडले की लोक म्हणतात, "गिऱ्हाईक तुटलं," किंवा "नशिबात नव्हतं." पण पुष्कळदा गिऱ्हाईक शेवटच्या दिवसापर्यंत येतच असते. दुकान बुडते ते एका साध्या प्रश्नाचे उत्तर न दिल्यामुळे. रात्री दुकान बंद करताना गल्ल्यात जो पैसा असतो, तो कोणाचा?

तुम्ही म्हणाल, "हा काय प्रश्न झाला? दुकान माझं, पैसा माझा!" तर मग आपण हिशेबच करून पाहू.

समजा, एका दुकानात रोज तीन हजारांची विक्री होते. महिन्याचे झाले ९०,००० रुपये. शंभर रुपयांच्या विक्रीतला माल ८८ रुपयांना आणलेला आहे, असे धरा. म्हणजे ९०,००० पैकी ७९,२०० रुपये मालाचे. ते आपले नव्हेत. त्यांतून पुन्हा माल भरायचा आहे. उरले १०,८००. त्यांतून दुकानभाडे, वीजबिल, माल आणण्याचे गाडीभाडे, उंदराने आणि ओलीने खाल्लेला माल, असे सगळे मिळून ३,६०० गेले. हाती राहिले ७,२०० रुपये. नव्वद हजारांच्या उलाढालीत घरचा पैसा एवढाच!

आता घरखर्चाला महिन्याला दहा हजार लागतात, आणि ते गल्ल्यातून सहज उचलले जातात. सकाळी भाजीला शंभर, दुपारी औषधाला दोनशे, संध्याकाळी पाहुणे आले म्हणून आणखी काही. कोणी चोरी करत नाही, कोणी उधळेपणा करत नाही. तरीही दर महिन्याला २,८०० रुपये भांडवलातून खाल्ले जातात. वर्षाचे झाले ३३,६००. एक लाखाचा माल भरून उघडलेले दुकान अशाने तीन वर्षांत आतून पोकळ होते. बाहेरून कळत नाही, कारण शहरातला व्यापारी उधारीवर माल देत राहतो आणि फळ्या भरलेल्या दिसतात. ज्या दिवशी तो म्हणतो, "आधी मागचं द्या," त्या दिवशी दुकान बंद पडते.

म्हणून आज सांगायची मुख्य गोष्ट एकच. गल्ला आणि खिसा वेगळे ठेवा. बाकी सारे त्याच्या पोटात येते.

हे करायचे कसे? दुकानाने तुम्हाला पगार द्यायचा. वर्षातून दोन-चार वेळा हिशेब बघून आकडा ठरवा, आणि आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी तेवढाच पैसा घरी न्या. घरी नेलेले साखर-तेलसुद्धा खरेदीच्या भावाने लिहून त्या पगारातून वजा करा. आपल्या उदाहरणात ७,२०० रुपये म्हणजे दिवसाला २४० रुपये झाले. आणि दुकानात नवरा-बायको दोघे राबतात. तुमच्या गावात मजुरी काय आहे ती तुम्हाला ठाऊक आहे. ताडून पाहा. घरच्या बाईच्या कष्टाला हिशेबात शून्य धरले, तर तोट्यातला धंदाही फायद्याचा दिसतो.

हल्ली या बाबतीत एक नवा घोटाळा झाला आहे. गिऱ्हाईक मोबाइलवरून पैसे देते, ही सोय चांगली. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयने सुट्ट्या पैशांची कटकट पुष्कळ कमी केली. पण दुकानाच्या भिंतीवर लावलेला क्यूआर कोड ज्या खात्याला जोडलेला असतो, त्याच खात्यातून मोबाइलचे रिचार्ज, मुलाची फी, लग्नाचा आहेर, सगळे जाते. पूर्वी गल्ला निदान डोळ्यांना दिसायचा. आता तो दिसतही नाही. तेव्हा दुकानासाठी बँकेत वेगळे खाते उघडा आणि क्यूआर कोड त्यालाच जोडा. आणि दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पैसे मिळण्यासाठी आपला पिन कधीच टाकावा लागत नाही. कोणी टाकायला सांगितला तर तो ठग समजा. आणि गिऱ्हाइकाने दाखवलेल्या चित्रावर भरवसा ठेवू नका, आपल्या खात्यात रक्कम जमा झाली का ते पाहा.

आता वही. दिवाळीत आपण वहीपूजन करतो, हळदकुंकू वाहतो. आणि पुष्कळ घरी ती वही पुढे वर्षभर कोरीच राहते. रोजकीर्द म्हणजे काही मोठे शास्त्र नव्हे. दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर आलेला पैसा: रोख, मोबाइलवरचा, वसूल झालेली उधारी. उजव्या पानावर गेलेला पैसा: माल, भाडे, वीज, घरी दिलेला पगार. रात्री गल्ला मोजून शिल्लक जुळवा. जुळली नाही तर फरक तसाच लिहून ठेवा. खोटा आकडा घालून जुळवू नका. दहा मिनिटांचे काम आहे.

महिन्यातून एकदा आणखी एक काम करा. दुकानातला माल खरेदीच्या भावाने मोजा. त्यात हातातली रोकड, बँकेतली शिल्लक आणि खात्रीने येणारी उधारी मिळवा. व्यापाऱ्याचे व बँकेचे देणे त्यातून वजा करा. उरले ते तुमचे भांडवल. हा एकच आकडा महिन्यामागून महिना लिहीत चला. तो वाढत असेल तर धंदा जगतो आहे. घटत असेल तर, गर्दी कितीही असो, काहीतरी गळते आहे.

"पण हे सगळं शिकलेल्यांचं काम," असे कोणी म्हणेल. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायका एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल होते उसने घेतलेले ८० रुपये. त्या दिवशी चार पाकिटे पापड झाले. तेच पुढे लिज्जत पापड या नावाने देशभर पोहोचले. त्यांना मार्गदर्शन करणारे छगनलाल पारेख, म्हणजे छगनबापा, यांनी सुरुवातीलाच दोन गोष्टींचा आग्रह धरला होता. पापड एकाच चांगल्या प्रतीचा करा, आणि हा धंदा आहे असे समजून हिशेब चोख ठेवा. ऐंशी रुपयांचा हिशेब ठेवायला त्या बायकांना कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

आता उधारीकडे येऊ. "आज रोख, उद्या उधार" अशी पाटी लावणे सोपे आहे, पण गावात ती चालत नाही. मजुराला बाजाराच्या दिवशी पैसे मिळतात, दुधाचे बिल ठरल्या दिवशी येते, उसाचे आणि सोयाबीनचे पैसे हंगामात. मधल्या दिवसांत त्या घरची चूल दुकानदाराच्या उधारीवर पेटते. तेव्हा उधारी द्यावी लागते, आणि माणुसकीने द्यावीही. पण तिचे मोल ओळखून द्यावी. हजार रुपयांचा माल उधारीत बुडाला, आणि शंभरामागे नफा दहा रुपये असला, तर पदरचे नऊशे गेले. ते भरून काढायला आणखी नऊ हजारांची विक्री करावी लागते.

यासाठी तीन नियम पाळा. पहिला, प्रत्येक घराला मर्यादा ठरवा आणि ती आधीच, गोडीने सांगा. दुसरा, नावनिशीवार खाते ठेवा आणि गिऱ्हाइकाजवळही एक छोटी वही द्या. दोन्ही वह्यांत एकाच वेळी लिहिले म्हणजे भांडण होत नाही. वसुली मात्र त्याच्या हाती पैसा येतो त्याच दिवशी मागा, आणि चार माणसांत नव्हे, एकट्याला गाठून. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. शहरातला व्यापारी आपल्याला जितक्या दिवसांची उधारी देतो, त्याहून अधिक दिवसांची उधारी आपण गावात देऊ नये. भीड भिकेची बहीण, असे आपले जुने लोक म्हणत, ते अनुभवानेच.

भाव ठरवतानाही लक्ष असू द्या. शंभरला आणलेली वस्तू सव्वाशेला विकली, तर आपण म्हणतो, "पंचवीस टक्के सुटले." खरे, पण ते खरेदीवर. विक्रीवर पाहिले तर ते वीसच टक्के होतात. म्हणून कोणी सव्वाशेवर वीस टक्के सूट मागितली आणि आपण दिली, की वस्तू बरोबर शंभरला गेली. नफा शून्य, आणि भाडे, वीज आपल्या अंगावर.

आता कर्ज. ज्या वस्तूने कमाई वाढेल तिच्यासाठी कर्ज घ्यावे. दुकानाच्या नावावर काढलेल्या कर्जातून लग्न करू नये. आणि व्याज नेहमी वर्षाच्या हिशेबाने समजून घ्यावे. "शेकडा तीन" ऐकायला हलके वाटते. पण ते महिन्याचे असले तर वर्षाला छत्तीस टक्के झाले. आणखी एक प्रकार पाहा. दहा हजार घ्या, रोज शंभर रुपये द्या, एकशेवीस दिवसांत फिटले. एकूण दिले बारा हजार. वाटते, वीसच टक्के व्याज! पण मुद्दल पहिल्या दिवसापासून परत जात असते. दहा हजार रुपये पूर्ण मुदतभर आपल्या हाती नसतातच. सरासरीने जेमतेम निम्मे असतात, आणि तेही चारच महिने. बारकाईने मांडले तर हे व्याज वर्षाला शंभर टक्क्यांच्या वर जाते.

म्हणून आधी बँकेत विचारा. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेत लहान धंद्याला तारणावाचून कर्ज मिळू शकते; पहिली पायरी 'शिशु', पन्नास हजारांपर्यंतची. बँकेचा अधिकारी विक्री किती, खर्च किती असे विचारील, तेव्हा रोजकीर्दच तुमच्या बाजूने बोलेल. धंद्याची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आधार क्रमांकावर सरकारी संकेतस्थळावर होते, आणि तिला शुल्क नाही. त्यासाठी कोणी हजार-दोन हजार मागू लागला तर देऊ नका. जीएसटीचा धाकही उगाच बाळगू नये. राज्यातल्या राज्यात नुसता माल विकणाऱ्याला आपल्या महाराष्ट्रात साधारणपणे वर्षाच्या चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. सेवा देणाऱ्याला ही मर्यादा वीस लाखांची आहे. पण आपली उलाढाल किती, हे तरी आपल्याला ठाऊक हवे! ते वहीच सांगणार.

थोडी शिल्लकही टाकत चला. उडुपीला १९२८ साली डॉ. टी. एम. ए. पै यांच्या बँकेने रोज दोन-दोन आणे घरोघर जाऊन गोळा करण्याची रीत सुरू केली. तीच आपली 'पिग्मी'. रोजच्या कमाईला ही रीत शोभते. मात्र पैसे कोठे ठेवतो ते पाहा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. आणि पिग्मीचा माणूस ओळखीचा असला तरी पावती घ्याच.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. शाळेत नफा-तोट्याची उदाहरणे आपण शिकवतोच. त्यातला "एक व्यापारी" गावातलाच घ्या की! सातवी-आठवीच्या मुलांना घरच्या दुकानाची किंवा गिरणीची एका आठवड्याची रोजकीर्द लिहायला सांगा. आकडे वर्गात मोठ्याने वाचायला लावू नका, घरची गोष्ट घरीच राहू द्या. पण रीत शिकवा. ज्या आईला लिहिता येत नाही, तिची वही तिची मुलगी लिहील. आणि त्या घरात "पैसा कुठं गेला?" या प्रश्नावर होणारी भांडणे निम्मी कमी होतील.

श्रोतेहो, यातले सगळे एकदम करायला जाऊ नका. उद्या सकाळी एक वही आणा, आणि रात्री तिच्यात तीन ओळी लिहा: आज आले किती, गेले किती, घरी नेले किती. महिनाभर हे चालवा. मग गल्ल्यातला पैसा कोणाचा, हे तुमची वहीच तुम्हाला सांगू लागेल.