कमरेतील टेकू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला माझ्या आजारपणाविषयी बोलावयास सांगितले आहे. आजारपणाची कथा सांगणाराला गोड आणि ऐकणाराला कडू लागते, म्हणून मी माझ्या कमरेत बसविलेल्या चार स्क्रूंविषयीच बोलते. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत असे. तेव्हा खोड जुनीच आहे म्हणा!

कमरेच्या भागात पाच मणके असतात. त्यांपैकी माझा चौथा पाचव्यावरून पुढे घसरला होता. पन्नाशीनंतर हा विकार पुरुषांपेक्षा आपल्यातच अधिक आढळतो. शस्त्रक्रियेत दोन्ही मणक्यांत मागून दोन-दोन स्क्रू घालून ते सळ्यांनी जोडले आणि मधली झिजलेली चकती काढून तेथे हाडाचा चुरा भरलेला एक पोकळ ठोकळा बसविला. त्याला केज म्हणतात. शरीराच्या ओझ्याचा मोठा वाटा मणक्यांच्या पुढच्या भागातून खाली उतरतो. तेथे हा ठोकळा नसला, तर सारा ताण मागच्या स्क्रूंवर येऊन ते वाकू पाहतात.

मला वाटले, टायटॅनियम बसले, आता जन्माची काळजी मिटली! पण स्लॅब घालताना खाली टेकू देतात ना, ते सिमेंट धरेपर्यंतच. येथे सिमेंट म्हणजे आपले स्वतःचे हाड, आणि ते धरावयास सहा महिने, वर्षसुद्धा लागते. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये हिब्ज आणि आल्बी या शल्यवैद्यांनी मणके जोडले, ते नुसत्या हाडानेच. धातूची जोड मागाहून आली. हाड जुळेपर्यंत पावलागणिक धातूला थोडा थोडा ताण बसतो. केसांचा आकडा एकदा वाकवल्याने मोडत नाही, पुन्हा पुन्हा वाकवला की मोडतो, स्क्रूचेही तसेच.

मग स्क्रू जाडच का घालू नये? गाभा ५ ऐवजी ६ मिलिमीटर केला, तर वाकण्याविरुद्धची ताकद सुमारे पावणेदोन पट होते. परंतु तो हाडाच्या ज्या अरुंद दांड्यातून जातो त्याला चीर जाण्याचे भय, आणि शेजारीच मज्जातंतू. शिवाय हाड ठिसूळ असले, तर स्क्रू भुसभुशीत भिंतीतल्या खिळ्यासारखा हलू लागतो आणि केज ओल्या भुईतल्या खुर्चीच्या पायासारखा रुततो.

आता बादलीविषयी. जर्मनीत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत, पाठ वाकवून २० किलो उचलताना चकतीतील दाब नुसते उभे असतानाच्या चौपटीहून अधिक भरला. हे वाचल्यापासून मी बादलीला हात लावला नाही. सुनेला हे कारण फार सोयीचे वाटले, असे मात्र नाही!

एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती सांगण्यासाठीच मी आज उभी आहे. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी विचारले होते, “बाई, तंबाखूचे काही?” मी ‘नाही’ म्हटले. चाळीस वर्षांची मिश्री मला तंबाखूत धरावीशी वाटली नाही, आणि लाजही वाटली. तंबाखूतील निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि हाड जुळण्यास अडथळा आणते. नवव्या महिन्याच्या फोटोत खालच्या एका स्क्रूभोवती काळी कडा दिसली, म्हणजे तो सैल होत आहे. त्या दिवशी मी डॉक्टरांना खरे सांगितले. ते रागावले नाहीत, नुसते गप्प राहिले.

डबी त्याच संध्याकाळी टाकली. पुढच्या महिन्यात पुन्हा फोटो आहे. ज्या भगिनींच्या कनवटीला आज डबी असेल, त्यांनी चहाच्या वेळी मला एकटीला गाठावे. मी कोणाचे नाव घेणार नाही.