रविवार कुणी मिळवला?



रविवारची सुट्टी मालकांनी दया म्हणून दिली काय? नाही! ती एका पत्रकारानं तुमच्याच बळावर मिळवली. नारायण मेघाजी लोखंडे गिरणीत स्टोअरकीपर होते. कामगारांचे हाल डोळ्यांनी पाहिलेला हा माणूस. १८८० साली त्यांनी 'दीनबंधू' पत्र हाती घेतलं, आणि ते हाल छापून चव्हाट्यावर मांडले. १८८४ साली सभा भरवून सुट्टीचा अर्ज केला. मालक हलले नाहीत. लोखंड्यांची लेखणीही थांबली नाही! २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले. दोन कामगार भगिनीही बोलल्या. १० जूनला मालक नमले! १८९७ च्या प्लेगात लोखंडे गेले, रविवार राहिला.

म्हणून सांगतो, आपलं दुःख आपल्या भाषेत लिहा. ज्याला वाचता येतं, त्यानं चाळीत मोठ्यानं वाचून दाखवा!