मानसशास्त्र घ्यायचे, पण मेजर की मायनर?



बारावीचा निकाल लागला की हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा या आपल्या पाचही तालुक्यांत घरोघरी एकच चर्चा सुरू होते: पुढे काय? एखादी मुलगी म्हणते, "मला मानसशास्त्र घ्यायचंय." वडील बिचकतात. "ते वेड्यांचं शास्त्र ना? अन् त्याला सायन्स लागत असेल!" या दोन्ही समजुती आधी बाजूला सारू या.

मानसशास्त्र हे वेड्यांचे शास्त्र नव्हे. माणूस पाहतो कसा, लक्षात ठेवतो कसा, शिकतो कसा, रागावतो का, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे मानसशास्त्र. 1879 साली जर्मनीत लाइपझिग येथे वुंट यांनी त्याची प्रयोगशाळा काढली, आणि 1916 साली कलकत्ता विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला.

आता प्रवेशाचे. बी.ए.ला हा विषय घेण्यास सामान्यतः बारावी उत्तीर्ण असणे पुरे. शाखा कोणतीही चालते. अकरावी-बारावीला मानसशास्त्र असलेच पाहिजे, असेही नाही. खरी अट वेगळीच आहे. ती म्हणजे, आपल्या जाण्यायेण्याच्या टप्प्यातल्या महाविद्यालयात हा विषय शिकवला गेला पाहिजे. आपला जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो, पण प्रत्येक महाविद्यालयात प्रत्येक विषय नसतो. पूर्वी अशा वेळी घरी बसून पत्रद्वारा शिकण्याची वाट होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले. तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: विषय आहे का, मेजर म्हणून आहे की केवळ मायनर म्हणून, आणि प्रात्यक्षिकांची सोय काय.

मेजर म्हणजे मुख्य विषय आणि मायनर म्हणजे जोडीचा विषय. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात. तासिकांच्या 15 तासांचे एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाच्या 30 तासांचे एक. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट लागतात, आणि त्यांतली निदान निम्मी मुख्य विषयाची असतात. मायनर साधारण 18 ते 20 क्रेडिटांचे. हिशेब करून पाहा. मायनरला सुमारे तीनशे तास, तर मेजरला नऊशेच्या वर. चौथे वर्ष करून ऑनर्स घ्यायचे तर एकूण किमान 160 क्रेडिट.

या तासांत करायचे काय? एक साधा प्रयोग सांगतो. बाजाराला निघालेल्या माणसाला दहा-बारा जिन्नस तोंडी सांगा. पहिले दोन-तीन आणि शेवटचे दोन-तीन तो बहुधा आणतो, विसरतो ते मधले. हे आपल्या आजीलाही ठाऊक असते. पण विद्यार्थ्याला तेच अनेक माणसांवर, सारख्या परिस्थितीत, मोजून दाखवावे लागते आणि वहीत लिहावे लागते. म्हणून प्रात्यक्षिकाला गैरहजर राहून हा विषय येत नाही.

मोजणे आले की गणित आले. घाबरू नका, दहावीचे अंकगणित पक्के असले म्हणजे निभते. दोन वर्षी पाऊस सारखाच पडला, पण एका वर्षी तो बेताबेताने पडला आणि दुसऱ्या वर्षी दोन दणक्यांत. एकूण आकडा एकच, सोयाबीनची गत मात्र निराळी! नुसती बेरीज किंवा सरासरी पाहून भागत नाही, आकडे किती विखुरले आहेत तेही पाहावे लागते. संख्याशास्त्रात त्यालाच प्रमाण विचलन म्हणतात. याखेरीज इंग्रजी वाचण्याची थोडी सवय हवी, कारण पुढची बरीचशी पुस्तके त्या भाषेत आहेत.

मग मेजर घ्यावे की मायनर? कोणते मोठे हे न पाहता आपल्याला कुठवर जायचे आहे ते पाहावे. ज्याला शिक्षक व्हायचे आहे त्याने मराठी, इतिहास, इंग्रजी असा शाळेत शिकवला जाणारा विषय मुख्य ठेवावा आणि मानसशास्त्र जोडीला घ्यावे. दहावीपर्यंत हा स्वतंत्र विषय नाही, पण शिक्षक पात्रता परीक्षेत 150 पैकी 30 गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला असतात. ज्याला याच क्षेत्रात काम करायचे आहे त्याने मेजर घ्यावे, मात्र बी.ए. ही पहिली पायरी आहे हे ओळखून घ्यावे.

कारण एवढे स्पष्ट सांगितले पाहिजे की, नुसत्या बी.ए.वर कोणी चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी पुढे मान्यताप्राप्त व्यावसायिक शिक्षण आणि भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. औषध लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ तर एम.बी.बी.एस. करून पुढे शिकलेला डॉक्टर असतो. ज्या घराला दोन एकर कोरडवाहूवर मुलीचे शिक्षण करायचे आहे, त्या घराला तीन वर्षांनी नव्हे, आजच हे कळले पाहिजे. आणि ज्यांच्या घरात आजच कोणाचे मन खचले आहे, त्यांनी पदवीधराची वाट पाहू नये. 2022 साली सुरू झालेल्या सरकारच्या टेलिमानस सेवेला 14416 या क्रमांकावर फोन करावा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. दहावी-बारावीच्या वर्गात वर्षातून एक तास या माहितीसाठी द्या. बाजाराच्या यादीचा प्रयोग वर्गात करून पाहा. ज्या विद्यार्थ्याला निकालापेक्षा "असं का होतं?" हे जाणून घ्यावेसे वाटेल, त्याच्या पालकांना बोलावून हा विषय समजावून सांगा. गावात हे त्यांना समजावणारे, बहुधा तुमच्याखेरीज दुसरे कोणी नसते.