दूरध्वनी केंद्राची किल्ली कोणाकडे?



विहिरीत हिस्सा असणे आणि विहिरीपर्यंत पोहोचता येणे यांतील अंतर शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सातबाऱ्यावर हिस्सा नोंदलेला असतो. परंतु वाट शेजाऱ्याच्या बांधावरून जाते आणि त्याने तिथे काटे टाकले, तर हिस्सा कागदावरच राहतो. म्हणून तर आपल्याकडे १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेत बांधावरील वाटेसाठी कलम १४३ आहे. जो कायदा हक्क देतो, त्याने वाटही दिली पाहिजे, हे या तरतुदींमागचे तत्त्व. दूरध्वनीच्या क्षेत्रातील एका मोठ्या वादाचे मर्म नेमके हेच आहे.

घराघरांतून निघालेली तांब्याची जोडतार अखेर परिसरातील दूरध्वनी केंद्रात, म्हणजे एक्स्चेंजमध्ये, एका प्रचंड चौकटीवर येऊन संपते. हे जाळे विणण्यास अनेक दशके लागली. नव्या कंपनीने प्रत्येक घराला दुसरी तार टाकावी, असे म्हणणे म्हणजे प्रत्येक दुकानदाराने आपल्यापुरता वेगळा रस्ता बांधावा, असे म्हणण्यासारखे आहे. तेव्हा तार भाड्याने घेणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. परंतु ती तार वापरायची, तर तिच्या टोकाशी, त्याच इमारतीत, नव्या कंपनीला आपली यंत्रे ठेवावी लागतात. तांब्याच्या तारेवरून जाणारा ब्रॉडबँडचा संकेत काही किलोमीटरांतच क्षीण होतो. त्यामुळे यंत्रे दूर ठेवून चालत नाही. त्यांना जागा हवी, ४८ व्होल्टचा अखंड वीजपुरवठा हवा, थंड हवा हवी आणि रात्री-अपरात्री बिघाड झाल्यास आत जाण्याची मुभा हवी. या व्यवस्थेला ‘सहस्थापन’ म्हणतात. यात भाडेकरू आणि घरमालक एकाच बाजारपेठेत, एकाच ग्राहकासाठी झगडत असतात. भाडेकरूचे बस्तान बसले, तर घरमालकाचे गिऱ्हाईक तुटते.

अमेरिकेचा अनुभव या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १ जानेवारी १९८४ रोजी एटी अँड टी या महाकाय कंपनीचे विभाजन झाले आणि स्थानिक दूरध्वनी सेवा सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेली. लांब पल्ल्याच्या सेवेत स्पर्धा आली, पण स्थानिक तारेवरील मक्तेदारी कायम राहिली. १९९२ मध्ये तेथील संघीय दळणवळण आयोगाने या कंपन्यांना आपल्या केंद्रांत प्रतिस्पर्ध्यांना जागा देण्याचा आदेश दिला. कंपन्या न्यायालयात गेल्या. कोणाच्या मालकीची जागा दुसऱ्याला देण्याचा अधिकार कायद्याने आयोगाला स्पष्टपणे दिलेला नाही, असे सांगून १९९४ मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला. या निर्णयाला नावे ठेवण्याचे कारण नाही. सार्वजनिक हिताच्या नावाखाली खाजगी मालमत्तेवर हात टाकायचा, तर तो अधिकार संसदेनेच निःसंदिग्ध शब्दांत दिला पाहिजे.

१९९६ च्या दूरसंचार कायद्याने ती उणीव भरून काढली. कलम २५१ नुसार जुन्या कंपन्यांवर वाजवी, न्याय्य आणि भेदभावरहित अटींवर जागा देण्याचे बंधन आले. तांत्रिक अडचण किंवा जागेची टंचाई राज्य आयोगापुढे सिद्ध केली, तरच त्यातून सूट होती. तेव्हाही प्रतिस्पर्ध्याची यंत्रे घरमालकाने सांभाळावीत, असा पर्याय होता.

मग प्रश्न सुटला का? मुळीच नाही. यंत्रांभोवती जाळीचा पिंजरा हवाच, अशी अट घालण्यात आली. कुठे किमान शंभर चौरस फुटांचे भाडे मागण्यात आले. नव्या कंपनीची गरज एखाद्या कपाटाएवढी असली तरीही! ‘जागा शिल्लक नाही’ हे उत्तर तर सर्वांत सोपे होते. वास्तविक जुन्या यांत्रिक स्विचांच्या जागी इलेक्ट्रॉनिक स्विच आल्यावर केंद्रांतील बरीच जागा मोकळी झाली होती. हक्क मान्य, पण दार बंद, अशी ही स्थिती होती.

अखेर १९९९ च्या मार्चमध्ये आयोगाने अधिक बारकाईने नियम केले. पिंजऱ्याची सक्ती गेली. पिंजरा वाटून घेण्याची मुभा मिळाली. जागा नसल्याचे सांगणाऱ्या कंपनीने अर्जदाराला दहा दिवसांच्या आत संपूर्ण केंद्र फिरवून दाखवावे, भरलेल्या केंद्रांची यादी जाहीर करावी आणि निकामी यंत्रे हलवावीत, असे ठरले. घरमालकाच्या शब्दावर विसंबण्याऐवजी भाडेकरूने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, हा या नियमांचा आत्मा. यांतील काही नियम २००० मध्ये न्यायालयाने रद्द केले. कायद्यातील ‘आवश्यक’ या शब्दाचा अर्थ ‘केवळ उपयुक्त’ असा ताणता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. आयोगाने २००१ मध्ये सुधारित नियम केले आणि २००२ मध्ये ते न्यायालयात टिकले. परंतु दरम्यान बराच काळ लोटला होता. नॉर्थपॉइंट, रिदम्स आणि कोव्हॅड या तिन्ही ब्रॉडबँड कंपन्यांनी २००१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. भांडवल बाजारातील पडझड आणि त्यांचे स्वतःचे चुकलेले हिशेबही त्याला कारणीभूत होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तथापि, कर्जाचे व्याज रोज चढत असताना दारात ताटकळत उभे राहणे नव्या कंपनीला परवडत नाही; जुन्या कंपनीला मात्र विलंब हाच लाभ असतो.

ब्रिटनने वेगळा मार्ग चोखाळला. २००५ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमने नियामकाला बंधनकारक वचने दिली आणि २००६ मध्ये ‘ओपनरीच’ हा स्वतंत्रपणे चालणारा विभाग उभा राहिला. तारा आणि केंद्रांतील प्रवेश त्याच्याकडे आला. स्वतःच्या कंपनीला आणि प्रतिस्पर्ध्याला समान वागणूक देणे हे त्याचे काम. किल्ली मालकाच्याच घरात राहिली, पण निराळ्या हाती गेली.

आता आपल्या देशाकडे वळू. एप्रिल २००४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, सरकारी कंपन्यांच्या तांब्याच्या तारा इतरांना खुल्या करण्याची शिफारस केली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या ब्रॉडबँड धोरणाने ते बंधन घातले नाही. जनतेच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता खाजगी कंपन्यांना का द्यावी, हा आक्षेप निराधार नव्हता. त्या मालमत्तेचा जनतेला पुरेपूर उपयोग का होऊ नये, हा प्रतिप्रश्नही तितकाच रास्त होता. परिणामी त्या तारेवर स्पर्धा रुजली नाही आणि बहुसंख्य देशवासीयांपर्यंत इंटरनेट पोहोचले ते मोबाइलवरून.

मोबाइलच्या मनोऱ्यांबाबत मात्र चित्र निराळे दिसले. २००७ मध्ये तीन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र येऊन इंडस टॉवर्स ही कंपनी स्थापन केली. येथे प्रत्येकाला दुसऱ्याच्या मनोऱ्याची गरज होती. गरज परस्परांची असते, तेथे सामाईकपणा आपोआप येतो. ती एकतर्फी असते, तेथे कायद्याला उभे राहावे लागते.

समुद्राखालील केबल जेथे किनाऱ्याला लागते, ती केंद्रे या दुसऱ्या प्रकारातील. २००२ मध्ये विदेश संचार निगमची आंतरराष्ट्रीय सेवेतील मक्तेदारी संपली. पण मुंबईसारख्या ठिकाणची केबल केंद्रे मोजक्याच हातांत राहिली. म्हणून ट्रायने जून २००७ मध्ये स्वतंत्र नियमावली करून या केंद्रांत प्रवेश आणि सहस्थापन देणे बंधनकारक केले. २०१२ मध्ये प्रवेशाचे शुल्क ठरवले. त्यावर न्यायालयीन लढा झाला आणि २०१८ मध्ये ते शुल्क नव्याने ठरवावे लागले. देशाचा परदेशांशी होणारा जवळपास सारा इंटरनेट व्यवहार अशा मोजक्या दारांतून होतो. त्या दारावर कोण आणि कोणत्या अटींवर उभा आहे, हा केवळ कंपन्यांच्या नफ्याचा प्रश्न नाही. तो राष्ट्राच्या आर्थिक स्वावलंबनाचा प्रश्न आहे.

या साऱ्या इतिहासातून तीन गोष्टी ध्यानात येतात. मालकाला वाजवी मोबदला मिळालाच पाहिजे. कारण फुकट मागितलेली वाट फार दिवस टिकत नाही. जागा, वीज, शुल्क आणि मुदत यांचे नियम आधीच लेखी असले पाहिजेत. आणि ‘जागा नाही’ म्हणणाऱ्याचे दार उघडून पाहण्याचा अधिकार तिऱ्हाईताला असला पाहिजे.

विहिरीतला हिस्सा खरा की खोटा, हे उतारा वाचून कळत नाही. उन्हाळ्याच्या दिवसांत, घागर भरून घरी आल्यावरच ते कळते.