हुन्नर हाती आहे, परवाना कुठे?

(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



विदर्भाचा उन्हाळा कसा असतो, हे पुसदकरांना सांगण्याची गरज नाही. एके काळी दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी शिंपडीत. पुढे घरोघरी कूलर आले. आता दुकाने, दवाखाने व बँका यांतून एअर कंडिशनरही बसले आहेत. त्यांबरोबर एक धंदाही वाढला. आपल्या समाजातील कित्येक मुले उस्तादाच्या हाताखाली राहून कूलर, फ्रिज व एसी यांची कामे शिकतात. त्यांच्या हुन्नराविषयी मला शंका नाही. परंतु या हुन्नराला कायद्याचा आधार किती आहे, याचा विचार आज आपण करू या.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. फ्रिज किंवा एसी दुरुस्त करण्यासाठी आपल्या महाराष्ट्रात स्वतंत्र परवाना नाही. विजेच्या कामाचे मात्र तसे नाही. 1956 च्या भारतीय वीज नियमांतील 45 व्या नियमाने असे ठरविले की, विजेच्या मांडणीचे काम परवानाधारक ठेकेदारानेच, पात्र पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व परमिट असलेल्या कामगाराकडून करवून घ्यावे. त्या नियमांची जागा 2010 साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली व 2023 साली ते विनियमही नव्याने आले. तरी मूळ तत्त्व कायम आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलणे यांसारख्या किरकोळ कामांना 45 व्या नियमातून सूट होती. पण एसीसाठी मीटरपासून नवी जाड वायर ओढणे हे किरकोळ काम नव्हे. नेमकी ही सीमारेषा आपल्या मुलांना कोणी समजावून सांगत नाही.

ही बंधने केवळ सरकारी कटकट आहे, असे कोणी समजू नये. कूलरची टाकी पत्र्याची, आत पाणी, भोवती ओली फरशी आणि अर्थिंगचा पत्ता नाही. अशा कूलरला हात लागून माणसे दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात आपण वाचतो. एसीतील गॅसचेही तसेच आहे. जुन्या यंत्रांतील आर-22 हा वायू ओझोनच्या थराला मारक ठरला. त्याविषयीचा मॉन्ट्रियल करार 1987 साली झाला, भारत 1992 साली त्यात सामील झाला, आणि हा वायू टप्प्याटप्प्याने बाद होत आहे. त्याच्या जागी आलेल्यांपैकी आर-32 काही प्रमाणात ज्वलनशील आहे, तर आर-290 म्हणजे प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुळातला. ज्याने केवळ पाहून पाहून गॅस भरणे शिकले, त्याला हा फरक कोण सांगणार?

इतर देशांत काय चालते तेही पाहावे. अमेरिकेत 1994 पासून या वायूंशी संबंध येणाऱ्या कारागिराला परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते. शिवाय कॅलिफोर्नियासारख्या राज्यात घर उबदार वा थंड करणाऱ्या यंत्रांच्या ठेकेदाराला चार वर्षांचा अनुभव दाखवून परीक्षेस बसावे लागते. आपल्याकडेही 2019 च्या राष्ट्रीय शीतलीकरण कृती आराखड्यात एक लाख दुरुस्ती कारागिरांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे, हे यावरून ध्यानात यावे. उद्या सक्ती झाली तर सर्वांत आधी कोणाची रोजी जाईल? ज्याचा हात तयार आहे, पण ज्याच्याजवळ कागद नाही, त्याची. सच्चर समितीने 2006 सालच्या अहवालात आपल्या समाजात स्वयंरोजगारावर पोट असणाऱ्यांचे प्रमाण मोठे असल्याचे दाखविले आहे. म्हणून हा प्रश्न आपल्यासाठी पोटाचा आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परवाना ही गरिबापुढची भिंत होता कामा नये. अनुभवाचा दाखला मागितला, आणि उस्तादाजवळच परवाना नसला, तर शागिर्दाने दाखला आणायचा कोठून? यात मुलाच्या मेहनतीचा दोष नाही. परंतु यावर उपाय आहेत. दहावी उत्तीर्ण मुलाला आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनासह काम शिकता येते. जे आधीच कामात मुरलेले आहेत, त्यांच्या अंगच्या कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत ठेवलेली आहे.

तेव्हा पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. नववीत मुलगा चार पैसे आणू लागला म्हणून त्याचे नाव शाळेतून काढू नका. सुट्टीत उस्तादाकडे जरूर पाठवा, पण दहावी होऊ द्या. ती एक पायरी चुकली तर आयटीआयचा हा दरवाजा बंद होतो. संस्थेलाही माझी सूचना आहे : दर वर्षी निकालानंतर आठ दिवस शाळेची एक खोली उघडी ठेवावी. तेथे आयटीआय प्रवेशाचे, शिकाऊ उमेदवारीचे व वायरमन परमिटचे अर्ज आम्ही शिक्षक भरून देऊ. यास फारसा खर्च नाही.

आपल्याकडे अमानत हा शब्द आहे. माणूस आपले घर कारागिराच्या हवाली करतो, तेव्हा त्या घरातील मुलाबाळांचा जीव ही त्याच्याजवळची अमानत होय. तो ती जबाबदारी ओळखतो व पेलू शकतो, याची लेखी साक्ष म्हणजे परवाना. ती साक्ष आपल्या प्रत्येक होतकरू मुलाच्या खिशात असावी, एवढीच इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.