आजीच्या खोलीपर्यंत दसरा

(माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यातील भाषण)



म्हैसूरला निवृत्तांचे नंदनवन म्हणण्याचा प्रघात जुना आहे. जयलक्ष्मीपुरमच्या शांत रस्त्यांवरून दुपारी फिरले की त्याचा अर्थ उमगतो. कित्येक घरांत एक वृद्ध जोडपे आणि मदतीला येणारी बाई, एवढीच वस्ती. मुले बंगळुरूत, पुण्यात किंवा परदेशी. दसऱ्या-दिवाळीला मात्र घर भरते, अंगणात चपलांची रास पडते. आणि नेमक्या त्याच दिवसांत घरातील सर्वांत ज्येष्ठ माणूस आतल्या खोलीत एकटे पडते.

यात कोणाचा दुष्टावा नसतो. ‘आजी, तुम्ही आराम करा’ हे वाक्य मायेपोटीच निघते. परंतु जिने चाळीस वर्षे या घरचे पुरण वाटले, तिच्या हाती नऊ दिवस काहीच न देणे याला विश्रांती म्हणता येत नाही. स्वयंपाकघरात उभे राहणे जमत नसेल, तर वेलदोडे सोलणे, वाती वळणे, फुलांचे देठ खुडणे ही बसून होणारी कामे आहेत. वाती वाकड्या झाल्या तरी त्या जळतात.

म्हैसूरच्या नवरात्रात घरोघरी बाहुल्यांची मांडणी होते. त्या गोंबे हब्बात राजाराणीची लाकडी जोडी, म्हणजे ‘पट्टद गोंबे’, मानाच्या जागी असते. ती लग्नात मुलीला माहेरून देण्याची इथली रीत. ज्या घरी ही मांडणी होते, तेथे पेटी आजीच्या खुर्चीशेजारी उघडावी. एकेक बाहुली कोरड्या फडक्याने पुसून नातवंडाच्या हाती देण्याचे काम तिचे. स्मृतिभ्रंशात बहुधा कालचे आधी पुसले जाते, जुने त्यामानाने टिकते. सकाळी काय खाल्ले हे न आठवणारी आजी ही बाहुली कोणत्या वर्षी आली हे सांगू शकते, आणि ऐकणाऱ्याने ते चौथ्यांदा ऐकले तरी काही बिघडत नाही.

पाहुण्यांना मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. ‘मला ओळखलंत का?’ हा प्रश्न विचारू नये. ज्याला नाव आठवत नाही, त्याची ती भरल्या घरात घेतलेली परीक्षा असते. ‘मी तुमच्या बहिणीचा मुलगा’ असे आपणच सांगून शेजारी बसावे. एका वेळी एक-दोघांनीच. स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांची अस्वस्थता तिन्हीसांजेला वाढते आणि आपल्या आरत्यांची गर्दीही तेव्हाच होते. अशा घरी आरती चार वाजता केली तर देवाची हरकत नसावी.

मधुमेह्याच्या उपवासाचा निर्णय घटस्थापनेपूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावा. गोळ्या-इन्सुलिनचे प्रमाण घरच्या घरी बदलू नये. गिळण्यास त्रास होणाऱ्यांना चकली-चिवड्याचा आग्रह करणे धोक्याचे आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे न्हाणीघरात सांडलेले तेल आणि उंबऱ्याशी पसरलेली रांगोळी, या दोहोंवरून पाय घसरू शकतो. म्हातारपणीचे खुब्याचे हाड मोडले तर पुढली दिवाळी अंथरुणातच जाण्याची भीती असते.

राजवाड्याची रोषणाई पाहण्याची हौस वृद्धांनाही असते, पण दसऱ्याची गर्दी झेपत नाही. राजवाडा इतर दिवसांतही रविवारी संध्याकाळी थोडा वेळ उजळतो. एखादा साधा रविवार धरून मोटारीतूनच तो दाखवून आणावा. ज्याला दिवे पाहायचे आहेत, त्याला पंचांग आडवे येत नाही.

आजारापेक्षा कठोर असा एक अडसर आपणच उभा केलेला आहे. बाहुल्यांसमोर हळदीकुंकू चालू असते आणि त्या घराची विधवा आजी दाराआड बसलेली असते. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तेथील ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने तो इतर गावांपुढे ठेवला. जे एका खेड्याला जमले, ते शिकल्या-सवरल्या घरांना जमू नये हे नवल आहे. पहिले कुंकू आजीला लावावे. तिने संकोचाने नको म्हटले, तर ओटी तरी तिच्या हातून भरवावी.

आता सेवा करणाऱ्यांविषयी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने वृद्धांच्या चरितार्थाची जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडे यांच्यावर टाकली. त्या व्याख्येत सून नाही. प्रत्यक्षात रात्री तीनदा उठणारी, अंथरूण बदलणारी आणि सकाळी नैवेद्याला उभी राहणारी बहुधा तीच असते. बाहेरगावाहून चार दिवसांसाठी आलेल्या मुलामुलींनी औषधांच्या पुड्या चाळून सल्ले देण्याऐवजी त्या चार रात्री आपल्याकडे घ्याव्यात. सुनेला सलग झोप मिळणे हा त्या घरातील खरा बोनस. आणि असे रात्रीचे जागरण एकदा केले की सल्ले आपोआप कमी होतात.

विजयादशमीला आपट्याचे सोने घेऊन लहानांनी मोठ्यांकडे जायचे असते. मोठ्यांनी उठून कोठे जावे अशी अपेक्षा या रीतीत नाहीच. म्हणून सोने देवघरानंतर थेट आजीच्या खोलीत जावे, मग शेजारीपाजारी. तिच्या उशाशीही पानांचे एक तबक आधीच भरून ठेवावे, म्हणजे तिलाही स्वतःच्या हाताने देता येईल. जंबू सवारी दूरचित्रवाणीवर तिच्याच खोलीत सर्वांनी मिळून पाहावी. आणि मदतीला येणाऱ्या बाईला त्या दिवशी दुपारीच मोकळे करावे. तिच्याही घरी दसरा असतो.